बारा व्होल्टाची फुंकर

आधीच सांगून ठेवते, ह्या गोष्टीत म्या काय लई शहाणी ठरत न्हाय. पण सांगायची तर सगळी सांगावी. अर्धी सांगितली की उरलेली लोक मनानं जुळवतेत, अन् लोकांनी जुळवलेली कवाच आपल्या बाजूची नसती.

आमी ईट गावचे. खव्याची भट्टी हाय आमची. सकाळी दूध येतं, कढई चढती, अन् तिच्यापुढं उलथनं घेऊन म्या, कमलबाई, तीस वर्षं बसलेली. झालेला खवा भूमला व्यापाऱ्याकडं पोचवायचं काम मालकांचं. मालक म्हणजे आमचे बलभीमराव. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतेत, गोष्टीपुरतं घेतलं, पुन्हा घेणार न्हाय. दोन सालांमागं त्यांच्या गुडघ्यांनी दावा मांडला, गाडीचा क्लच दाबवंना, अन् ते काम सुनेकडं आलं.

सून शिवांजली. लग्न होऊन आली तवा भाकरी थापायला सांगितली की घाबरायची, पण गाडीत बसली की दुसरीच बाई. पंधरा दिवसांत शिकली. गाडी म्हणजे जुनी पांढरी व्हॅन, पुढच्या सीटखाली इंजिन असतं तसली. तिच्या शेजारी म्या बसायची, खव्याचे डबे धरायला म्हणून. डबे मागं दोरीनं बांधलेले असायचे, धरायचं काय नसायचं, पण घरात तसं सांगितलं व्हतं. खरं सांगू का, तीस वर्षं धूर बघितलेल्या बाईला रोज सकाळी मोठ्या काचेतून ज्वारी बघायला मिळायली, करडई बघायला मिळायली, कोण कुणाच्या बांधावर भांडायलंय ते बघायला मिळायलं. शिवांजली गाणं गुणगुणायची, म्या गावाची उणीदुणी काढायची. तेवढा एक तास आमचा दोघींचा व्हता, अन् तो माझा लई लाडका तास व्हता.

त्या साली दसऱ्याच्या टायमाला शेजारच्या रानात सोयाबीनची मळणी लागली. मळणीयंत्राचा भुसा म्हणजे काय असतो ते ज्याच्या घरात दूध हाय त्यालाच कळंल. भाकरीवर भुसा, केसात भुसा, आंथरुणात भुसा. आमच्या भागात नळाला फडकं बांधल्याबिगर कुणी पाणी भरत न्हाय, अन् माझी सासू तर म्हणायची की जिथून म्हणून काय आत जातं, तिथं फडकं पायजे. म्या माझं जुनं हिरवं लुगडं फाडलं, कैऱ्यांच्या काठाचं, अन् नळ, रांजण, दुधाचे कॅन, समद्यांची तोंडं बांधली. गाडीलाबी सोडलं न्हाय. पंधरा दिवसांनी मळणी सरली, अन् म्या कामाला लागले.

त्याच दिवसांत गाडीचा दम तुटायला लागला. सपाटीला बरी चालायची, पण म्हसोबाचा चढ लागला की खोकायची. भूमच्या वाटंवर तो एकच मोठा चढ, वर म्हसोबाचं ठाणं हाय. ज्या चढाला गाडी हसत जायची, तिथं आता पहिल्या गिअरवरबी मधीच बंद पडायची. काळा धूर सोडायची अन् पेट्रोल तर ढोसायचीच. मागं सरकली की म्या दार उघडून उडी मारायची अन् चाकाखाली दगुड सारायची. माझं वय एकसष्ट. एक दिवस दगुड निसटला अन् गाडी पार चारीच्या कडंला गेली. खवा वाचला, आमी वाचलो, पण बातमी पुण्याला पोचली.

पुण्याला आमचा रणधीर, शिवांजलीचा नवरा. तिथं कंपनीत हाय, महिन्यातून एकदा गावाकडं येतो. पोरगं गुणाचं हाय, पण भित्रं. त्यानं फोनवर निकाल दिला. पुढच्या रविवारी येतो, गिऱ्हाईक बघितलंय, गाडी विकायची अन् खवा गावात येणाऱ्या टेम्पोत द्यायचा. म्या भांडून बघितलं. तो एवढंच म्हणला की उद्या तुमचं दोघींचं काय बरंवाईट झालं तर म्या कुणाकडं बघू. म्या फोन मालकांच्या हातात दिला अन् कढईकडं वळले, आता माझ्या तोंडाची कीर्ती ज्यांना ठावं हाय त्यांनी समजून घ्यावं.

शिवांजलीनं बादली घेतली अन् गाडी धुवायला लागली. विकायची गाडी कुणी एवढी घासून धुतं का? म्या भट्टीपुढून बघत व्हते. धूर नव्हता तरी डोळं चुरचुरायले.

आमचा नेहमीचा मिस्त्री प्रेमानंद. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला, भूमला त्याचं गॅरेज हाय, मालकांचा जुना दोस्त. पण तो नेमका मुरूमला लेकीकडं गेलता, क्षमाला बाळ झालं म्हणून, अन् नातवाला सोडून येईना. भूममधल्या दुसऱ्या एका मिस्त्रीला दाखवलं, त्यानं सीटबी न उचलता सांगितलं की इंजिन बसलंय. झालं. रणधीरच्या हातात कोलीतच मिळालं.

आता मालकांकडं येते. गुडघे गेल्यापासून मालक अन् मोबाईल ह्यांचं लगीन लागल्यागत झालंय. खाटंवर पडून दिवसभर व्हिडिओ. एक दिवस खाटंवरून उठले, गुडघे विसरून उठले, अन् म्हणले की गाडीला सुपरचार्जर बसवायचा. इंजिनात हवा जास्ती कोंबली की ताकद जास्ती, साधा हिशोब, अन् तो बॅटरीवर चालणारा मिळतो, तोबी स्वस्तात. चौथ्या दिवशी पार्सल आलं. उघडलं तर निळ्या रंगाचा वाटीएवढा पंखा, दोन वायरी लोंबायल्यात. म्या हातात घेऊन बघितला. आमच्या भट्टीला जाळ धरायला जो ब्लोअर हाय, तो ह्याचा आजा शोभंल.

“ह्यानं गाडी चढणार?” म्या विचारलं. “ह्यानं तुमचा चहाबी निवायचा न्हाय.”

मालक चिडले न्हायत. त्यांनी मुरूमला प्रेमानंदला फोन लावला, अन् आवाज मोठा करून ठेवला, मला ऐकू जावं म्हणून. ती त्यांची चूक. प्रेमानंद आधी पोटभर हसला. मंग त्यानं नीट समजावलं, एसटीत नव्या पोरांना समजावत असंल तसं. म्हणला, तुमचं इंजिन जोरात चाललं की मिनिटाला हजार-बाराशे लिटर हवा पितं, म्हणजे तुमचे चाळीस लिटरचे तीस कॅन, एका मिनिटात. पंखा हवा हलवतो, दाबत न्हाय. दाबायला लई ताकद लागती, म्हणून खरा सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. तुमच्या गाडीच्या बॅटरीत तेवढा जीव न्हाय. हा फुंकर मारणार, अन् वर हवेच्या वाटंत आडवा बसणार. परत धाडा म्हणला, अन् म्या रविवारी येतो, तवर गाडीला हात लावू नका.

म्या त्या फोनवर दोन दिवस जगले. दूध घालायला येणाऱ्या समद्यांना सांगितलं की आमच्या मालकांनी गाडीला फुंकर मारायचं यंत्र आणलंय. लोक खोकल्याचं निमित्त करून हसायचे. मालक खाली मान घालून व्हिडिओ बघायचे. अन् बुधवारी दुपारी म्या दूध आटवत व्हते तवा त्यांनी एकट्यानंच सीट उचलली, पाना-पक्कड घेतली अन् तो पंखा हवेच्या नळीत बसवला. तासभर आत डोकं घालून व्हते. बाहेर आले तवा तोंड काळं अन् नजर भलतीकडंच. म्या विचारलं, झालं का. झालं म्हणले, अन् हात धुवायला गेले. एरवी एक खिळा ठोकला तर चार दिवस सांगणारा माणूस, पण तवा माझं ध्यान न्हाय गेलं.

बेस्तरवारी सकाळी आमी दोघी खवा घेऊन निघालो. चढाच्या आधी म्या दार अर्धं उघडून ठेवलं, उडी मारायला सोपं पडावं म्हणून. शिवांजलीनं दुसरा गिअर टाकला, अन् गाडी गेली की हो वर. अशी गेली की माझं दार आपसुक लागलं. म्हसोबापाशी पोचल्यावर शिवांजलीनं गाडी थांबवली, खाली उतरली, अन् नाचली. भर रस्त्यात. मागून येणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, तरी नाचली. म्याबी उतरून दोन पावलं टाकली, कुणी विचारलं तर न्हाय म्हणंन.

घरी आल्यावर शिवांजली मालकांच्या पाया पडली. मामा, तुमचा सुपरचार्जर खरा निघाला म्हणली. गावात ही बातमी दुधाआधी पोचली. माणसं पंखा बघायला यायली, दोघांनी तर कुठून मागवला ते लिहूनबी घेतलं. मालक चहा पाजायचे, पण पंख्याबद्दल कुणी खोदून विचारलं की विषय सोयाबीनच्या उताऱ्यावर न्यायचे. म्या काय हार मानली न्हाय. आंधळ्याचा दगुड लागला म्हणलं, अन् आणखी काय काय म्हणलं. एकच खोट दिसली. गाडीचा हॉर्न बारीक झाला, आजारी कोकरू ओरडावं तसा. मालक म्हणले, एवढं तर व्हायचंच.

रविवारी रणधीर आला. गिऱ्हाईक दुपारी येणार व्हतं. म्या म्हणलं, विकायच्या आधी एकदा बघून तर घे. डबे नेहमीपेक्षा चार जास्तीच भरले, मालक अन् रणधीर मागं बसले, म्या माझ्या जागंवर, अन् निघालो. शिवांजलीचे हात चाकावर घट्ट व्हते, त्या दिवशी गाणं न्हाय काय न्हाय. चढ आला. गाडी चढली. पाच माणसांच्या वजनाची आमी चारजणं, वर खवा, तरी न खोकता चढली. मागून रणधीर म्हणला, अरे वा. शिवांजलीनं आरशातून त्याच्याकडं बघितलं अन् तिच्या तोंडावर जे आलं, ते बघून मला वाटलं आता जिंकलो.

पण माझं पोरगं कंपनीतलं. त्याला समदं तपासून पायजे. खवा व्यापाऱ्याकडं उतरवला अन् गाडी सरळ प्रेमानंदच्या गॅरेजात घातली. प्रेमानंद आदल्या रात्रीच मुरूमहून आलता, नातवाचे फोटो दाखवायच्या तयारीत बसलेला. त्याला चढाचं सांगितलं तर तो मानंच ना. फोटो बाजूला ठेवून सीट उचलली, इंजिन चालू केलं, पंख्याला कान लावला. पंखा गप. वायर धरून मागं मागं गेला, अन् एकदम खाली बसून हसायला लागला. शिवांजलीला म्हणला, पोरी, हॉर्न दाब. तिनं दाबला. कोकरू ओरडलं, अन् पंखा भुर्र करून फिरला. हॉर्न सोडला, पंखा थांबला.

मालकांनी पंख्याची वायर हॉर्नच्या वायरीला जोडली व्हती. म्हणजे हॉर्न वाजवला तरच सुपरचार्जर चालणार.

म्या जी हसले, जी हसले, की मला तिथल्या टायरावर बसावं लागलं. प्रेमानंद हसला, शेजारचा पंक्चरवाला हसला, खुद्द शिवांजली पदरात तोंड लपवून हसली. मालक मधी उभे, टोपी हातात. म्या म्हणलं, आता चढ आला की वाजवीत सुटा, म्हसोबाबी बाजूला सरंल.

रणधीर तेवढा हसला न्हाय. त्यानं आत वाकून पंखा निरखून बघितला. म्हणजे चढावर हा बंदच व्हता, असं त्यानं प्रेमानंदला विचारलं. प्रेमानंद म्हणला, बंदच, उलट आडवा बसलेला. मंग गाडी चढली कशी? ते मलाबी कळंना, असं प्रेमानंद म्हणला.

“मंग गाडी विकायचीच,” रणधीर म्हणला. “कशानं बिघडली ते ठावं न्हाय, कशानं सुधारली ते ठावं न्हाय. आज चढली, उद्या मागं येईल. कारण कळल्याबिगर म्या ह्या दोघींना त्या चढावर धाडणार न्हाय.”

त्यानं गिऱ्हाइकाला लावायला फोन काढला. हसणं बंद झालं. शिवांजलीनं किल्ली मुठीत घेतली अन् मूठ पदराखाली नेली, जसं काय दिसली न्हाय तर कुणी मागणार न्हाय.

प्रेमानंदनं मालकांना एकदा शेवटचं विचारलं, पंखा बसवताना नळीतून काय काढलं का, काय अडकलेलं, उंदराचं घर, काय बी. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मंग जमिनीकडं बघितलं अन् न्हाय म्हणले, काय न्हाय काढलं. कपाळाला घाम आलता. खिशातून रुमाल काढला अन् पुसला.

तो रुमाल नव्हता. ते माझं हिरवं फडकं व्हतं. कैऱ्यांचा काठ, चार पदरी, कोपऱ्याला सुतळी लोंबायली, अन् मधोमध नळीच्या तोंडाएवढा काळाकुट्ट गोल, भुशानं अन् धुरानं गच्च भरलेला.

ती सुतळी म्या वळखली. मळणीच्या पहिल्याच दिवशी म्या सीट उचलून गाडी पुसत व्हते. आत एक काळी नळी दिसली, तोंड उघडं. जिथून काय आत जातं तिथं फडकं पायजे. नळाला बांधते तसंच बांधलं, तीच गाठ मारली, सीट टाकली, अन् विसरले. मळणी सरल्यावर समदी फडकी सोडली, हे एक राहिलं. गाडीचं नाक दाबून ठेवलं म्या, अन् वर चाकाखाली दगुड सारत बसले.

अन् हा माणूस बुधवारपासून ते खिशात घेऊन फिरायलाय. त्याला तवाच कळलं व्हतं. म्या गावापुढं त्याला सोलत व्हते, अन् तो चहा पाजत व्हता.

गप बसायला काय लागत व्हतं? मालक तर बोलणार नव्हते. गाडी गेली असती अन् माझी लाज राहिली असती. पण शिवांजलीची पदराखालची मूठ मला दिसत व्हती.

“फोन ठेव, रणधीर,” म्या म्हणलं. “तुझे वडील खोटं बोलायलेत. नळीतून त्यांनी हे फडकं काढलंय. म्या बांधलं व्हतं, माझ्या हातानं, भुसा जाऊ ने म्हणून. इंजिन बसलं न्हाय. म्या त्याचं तोंड बांधलं व्हतं.”

प्रेमानंदनं मालकांच्या हातातून फडकं घेतलं, उजेडात धरलं, पलीकडचं काय दिसंना. मंग त्यानं निळा पंखा काढून बाजूला ठेवला, शिवांजलीला मुठीतल्या किल्लीनं इंजिन चालू करून रेस द्यायला सांगितलं, अन् फडकं रणधीरच्या हातात देऊन म्हणला, लाव नळीला. रणधीरनं लावलं. गाडी खोकली, मागून काळा धूर आला, दोन हिसके देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, फडकं काढलं, अन् इंजिन असं मोकळं गरजलं की पंक्चरवाल्याची कोंबडी उडाली. रणधीरनं पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. तीनदा केलं. तिसऱ्यांदा त्याचं तोंड हसायला लागलं, लहानपणी हसायचा तसं.

“वहिनी,” प्रेमानंद म्हणला, “नळाला फडकं बांधलं तर घागर भरायला येळ लागतो, एवढंच. हिचा तो श्वास व्हता.”

त्याच्यापुढं समदे मला जे बोलले ते म्या सांगत न्हाय. हसण्याची बारी त्यांची व्हती, अन् म्या ती त्यांना दिली. त्यांच्यासंगं म्याबी हसले, कारण खरंच हसण्यासारखं व्हतं. रणधीरनं गिऱ्हाइकाला फोन लावला अन् येऊ नका म्हणला, गाडी घरातच लागती. शिवांजलीच्या तळहाताला किल्लीचे वळ अजून तसेच व्हते. प्रेमानंदनं हवेचा जुना फिल्टर बदलला, ब्रेक तपासले, हॉर्न नीट केला, अन् नातवाचे एकोणीस फोटो दाखवूनच सोडलं.

निळा पंखा मालकांनी परत घेतला. टाकून द्यायला जीव व्हईना. आता भट्टीपाशी खांबाला बांधलाय, जुन्या बॅटरीवर चालतो. चहा निवतो त्यानं, ते मात्र मला कबूल करावं लागलं.

परतताना म्या पुढं बसले न्हाय. रणधीरला बायकोशेजारी बसू दे म्हणलं, अन् मागं रिकाम्या डब्यांत मालकांपाशी बसले. शिवांजली गुणगुणायली व्हती. उतार लागला तवा म्या हळूच विचारलं, आवं, बुधवारीच सापडलं तर सांगितलं का न्हाय? चार दिवस माझं ऐकून घेतलं, गावाचं ऐकून घेतलं, अन् आज गाडी जायची पाळी आली तरी.

मालकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“चाळीस वर्षं तू मला बोलतीस,” ते म्हणले. “एकदा माझी पाळी आली, अन् मला बोलताच येईना.”

ईट येईस्तवर म्या एक शब्द काढला न्हाय. शिवांजलीनं दोनदा आरशातून मागं बघितलं, अन् शेवटी गाडी कडंला घेऊन विचारलं की आत्या, तुमचं बरं हाय ना.